विहिरीच्या पाण्यातले ‘पोषण’



‘पोषक’ हा शब्द आरोग्यविषयक पाक्षिकात नेहमी कौतुकानेच येतो. पोषक आहार, पोषक कडधान्ये, बाळंतिणीसाठी पोषक खीर. हाच शब्द जलशास्त्रज्ञ विहिरीच्या पाण्याविषयी वापरतात, तेव्हा मात्र त्यांच्या बोलण्यात काळजी असते. पाण्यातील पोषकद्रव्ये म्हणजे वनस्पतींचे अन्न : नायट्रेट, अमोनिया, फॉस्फेट, सिलिका. शेताला ती हवीच असतात. पिण्याच्या पाण्यात मात्र त्यांपैकी नायट्रेट एका मर्यादेपलीकडे असू नये.

या नायट्रेटला रंग नाही, वास नाही आणि पिण्याच्या पाण्यात आढळते त्या प्रमाणात त्याची चवही जाणवत नाही. काचेसारखे स्वच्छ, गार आणि गोड पाणी नायट्रेटने भरलेले असू शकते. आयुष्यभर ज्या विहिरीचे पाणी प्यायलो, तिच्याविषयी आपला विश्वास डोळ्यांनी आणि जिभेने बांधलेला असतो. या एका बाबतीत हे दोन्ही साक्षीदार अपुरे पडतात. घरात तान्हे बाळ आणि ऐंशीचे आजोबा एकाच विहिरीचे पाणी पीत असतील, तर त्या पाण्यात काय विरघळले आहे आणि ते कशामुळे वाढते वा घटते, हे कुटुंबातील जाणत्या माणसांनी समजून घेणे अगत्याचे आहे.

एका कड्याच्या दोन बाजू

शाहूवाडी तालुका सह्याद्रीच्या माथ्यावर वसला आहे. आंबा आणि विशाळगड परिसरातील कड्यावर पडणाऱ्या पावसाच्या वाटा येथेच वेगळ्या होतात. पूर्वेला उतरलेले पाणी कडवी नदीतून वारणेला आणि कासारीतून पंचगंगेला मिळते, पुढे कृष्णेच्या सोबतीने बंगालच्या उपसागरापर्यंत जाते. पश्चिमेला उतरलेले पाणी काजळी आणि मुचकुंदी या नद्यांतून अवघ्या काही तासांच्या प्रवासाने अरबी समुद्राकडे धावते. काजळी रत्नागिरीजवळ भाट्याच्या खाडीत, तर मुचकुंदी पूर्णगडाच्या खाडीत समुद्राला भेटते.

आंबा घाटाची वाट शाहूवाडीकरांना परकी नाही. अनेकांची लेक साखरप्याला, लांज्याला किंवा रत्नागिरीला दिलेली आहे, कोणाचा मुलगा नोकरीनिमित्त किनाऱ्यावर राहतो. म्हातारपणी हवापालटासाठी खाली उतरणारे आणि उन्हाळ्यात नातवंडांसह वर येणारे आप्त दोन्ही बाजूंना आहेत. माथ्यावरची विहीर आणि किनाऱ्यावरची विहीर यांच्यात फरक आहेच. तरीही दोन्हींच्या पाण्यातील पोषकद्रव्ये ठरवणारी कारणे एकच आहेत. ती अशी : जमिनीवर काय आणि किती टाकले, पाऊस ते किती वेगाने खाली नेतो, वाटेत कसली माती आणि कसला खडक भेटतो, त्या वाटेवर हवा आहे की नाही आणि पाणी जमिनीत किती काळ मुक्काम करते. किनाऱ्यावर यात समुद्राची भर पडते.

एक पोते, दोन विहिरी

सुरुवात हिशेबाने करू. युरियाच्या ४५ किलोच्या पोत्यात ४६ टक्के, म्हणजे सुमारे २० किलो नायट्रोजन असते. मातीतील जिवाणू त्याचे रूपांतर टप्प्याटप्प्याने नायट्रेटमध्ये करतात. सगळ्या नायट्रोजनचे नायट्रेट झाले, तर त्याचे वजन ९० किलोच्या आसपास भरेल. पीक त्यातील मोठा वाटा उचलते, काही भाग हवेत उडून जातो. केवळ एक दशांश भाग पाण्याबरोबर खाली झिरपला असे धरले, तरी ९ किलो नायट्रेट भूजलात उतरले.

पिण्याच्या पाण्यासाठीच्या भारतीय मानकाप्रमाणे एका लिटरमध्ये ४५ मिलिग्रॅमपर्यंतच नायट्रेट चालते आणि या मर्यादेत कोणतीही सवलत दिलेली नाही. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादाही ५० मिलिग्रॅम, म्हणजे जवळपास तितकीच आहे. त्या हिशेबाने ९ किलो नायट्रेट सुमारे २ लाख लिटर निर्मळ पाण्याला मर्यादेपर्यंत नेऊन ठेवते. सोळा फूट व्यासाच्या आणि सोळा फूट पाणी असलेल्या विहिरीत साधारण १ लाख लिटर पाणी मावते. म्हणजे एका पोत्याचा दहावा हिस्सा अशा दोन विहिरींना पुरतो.

यावर कोणी म्हणेल की आमच्या विहिरीजवळ शेतच नाही. त्यांनी आपल्या शौचालयाकडे पाहावे. सात-आठ माणसांच्या एकत्र कुटुंबाच्या मलमूत्रातून वर्षाकाठी बाहेर पडणारे नायट्रोजन अंदाजे युरियाच्या एका पोत्याइतकेच असते. गोठ्यात दोन म्हशी असतील, तर शेण आणि गोमूत्राची भर त्याहून मोठी. पूर्वी शेण आणि राख शेतात जाई आणि शेत वस्तीपासून दूर असे. आज शौचालय घराला लागून, शोषखड्डा परसात आणि विहीरही परसातच अशी रचना अनेक ठिकाणी झाली आहे. शौचालय ही आरोग्याची मोठी मिळकत आहे, यात शंका नाही. प्रश्न केवळ खड्डा आणि विहीर यांच्यातील अंतराचा आणि उताराच्या दिशेचा आहे.

माती काय धरते, काय सोडते

सर्व पोषकद्रव्ये सारखी वाहत नाहीत. मातीच्या बारीक कणांवर ऋण विद्युतभार असतो आणि नायट्रेटवरही ऋणच. समान भार एकमेकांना दूर लोटतात, म्हणून माती नायट्रेटला धरून ठेवू शकत नाही. पाणी जिथे जाईल तिथे नायट्रेट त्याच्या सोबत जाते.

फॉस्फेटचे तसे नाही. त्याला लोह आणि ॲल्युमिनियम यांची ओढ आहे. कोकणातील आणि शाहूवाडीच्या सड्यांवरील लाल जांभा म्हणजे लोह आणि ॲल्युमिनियमच्या संयुगांचेच भांडार. या तालुक्यात बॉक्साइटच्या खाणी झाल्या त्या याच कारणाने. त्यामुळे जांभ्याच्या मुलखात खतातील फॉस्फेट वरच्या मातीतच अडकून पडते आणि विहिरीत फारसे उतरत नाही. सिलिकाचा खताशी काही संबंध नाही. काळ्या बेसाल्ट खडकाची झीज होताना ती पाण्यात येते आणि पिणाऱ्याला तिच्यापासून भय नाही.

जांभ्याचा दुसरा गुण मात्र आपल्या विरोधात जातो. तो सच्छिद्र असतो, त्यात बोटे जातील एवढी छिद्रे आणि कधी बोगद्यासारख्या पोकळ्या असतात. जाड मातीतून पाणी इंचाइंचाने उतरते आणि त्या प्रवासात बरेच काही गाळले जाते. जांभ्यात तेवढी फुरसत मिळत नाही. मुसळधार पावसानंतर विहिरीची पातळी पाहता पाहता चढते, ती याच वाटांमुळे. ज्या वाटेने झऱ्याचे पाणी धावत येते, त्याच वाटेने शोषखड्ड्यातील पाणीही येऊ शकते. काळ्या जाड मातीत जे अंतर सुरक्षित ठरते, ते जांभ्यात सुरक्षित असेलच असे नाही.

हवा नसलेल्या जागी काय घडते

निसर्गाने नायट्रेटवर एक उतारा ठेवला आहे. जिथे पाण्यात प्राणवायू उरत नाही आणि कुजलेला पालापाचोळा भरपूर असतो, तेथील जिवाणू श्वसनासाठी प्राणवायूऐवजी नायट्रेट वापरतात. या क्रियेत नायट्रेटचे रूपांतर नायट्रोजन वायूमध्ये होते आणि तो निरुपद्रवी वायू हवेत निघून जातो. खाडीकाठची खाजणे, तिवरांची राई, पाणथळ दलदल आणि पाण्याने भरलेली भातखाचरे ही या कामाची नैसर्गिक केंद्रे आहेत. खाडीचा चिखल काळा आणि उग्र वासाचा असतो, कारण त्यात प्राणवायू नसतो. जमिनीतून खाडीकडे निघालेले नायट्रेट त्या चिखलातून जाताना बरेचसे नाहीसे होते. तिवरे तोडून भराव टाकला की किनारा हा गाळणारा पट्टा गमावतो.

भातशेतीत याच तत्त्वाचा उपयोग हुशारीने केला गेला आहे. डॉ. नारायण सावंत यांनी रुजवलेल्या चारसूत्री भातशेतीत युरिया-डीएपीच्या गोळ्या चार चुडांच्या मध्ये सात ते दहा सेंटिमीटर खोल चिखलात खोचल्या जातात. वरून फेकलेल्या युरियाचे नायट्रेट लवकर बनते आणि पाण्याबरोबर निघून जाते. खोल चिखलात हवा नसल्यामुळे तेच नायट्रोजन अमोनियाच्या रूपात मुळांजवळ टिकून राहते. शेतकऱ्याचे खत वाचते आणि खालच्या विहिरीचे पाणीही. ज्येष्ठ शेतकऱ्यांनी आपल्या मुलांना ही पद्धत सुचवावी, ती केवळ उत्पन्नाची बाब नाही.

हवेअभावी एक उलट लक्षणही दिसते. विहिरीच्या पाण्याला कुबट वास येऊ लागला, वर तांबूस तवंग धरू लागला, तर तेथील प्राणवायू संपत आला आहे, असा तर्क करता येतो. अशा पाण्यात नायट्रेट कमी आणि अमोनिया व लोह अधिक असू शकते. जवळच्या खड्ड्याचे पाणी विहिरीत मिसळत असल्याचीही ती खूण असू शकते.

पाऊस आणि काळ

कोकणात वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, घाटमाथ्यावर त्याहूनही अधिक. एवढे पाणी नायट्रेटला पातळ करते आणि वाहूनही नेते. म्हणून येथील विहिरी एकंदरीत नशीबवान आहेत. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या वार्षिक भूजल गुणवत्ता अहवालानुसार देशातील सुमारे २० टक्के नमुन्यांत नायट्रेट ४५ मिलिग्रॅमच्या वर आढळले, महाराष्ट्रात हे प्रमाण सुमारे ३५ टक्के होते. देशातील सर्वाधिक बाधित पंधरा जिल्ह्यांत वर्धा, बुलढाणा, अमरावती, यवतमाळ, नांदेड, बीड आणि जळगाव हे आपल्या राज्यातील सात जिल्हे आहेत. कमी पाऊस, अधिक बाष्पीभवन, खतांचा वापर आणि वस्तीतील सांडपाणी यांचा तेथे एकत्र परिणाम होतो. कोकणातील एकही जिल्हा त्या पंधरांत नाही.

यावरून निश्चिंत होऊ नये. जिल्ह्याची सरासरी ही आपल्या परसातील विहिरीची हमी नव्हे. चांगल्या तालुक्यातही शोषखड्ड्याला खेटून असलेली एखादी विहीर दूषित असू शकते आणि शंभर फुटांवरची दुसरी निर्मळ.

ऋतूप्रमाणेही आकडा बदलतो. उन्हाळाभर मातीत, उकिरड्यात आणि गोठ्याच्या अंगणात साचलेले नायट्रोजन पहिल्या मोठ्या सरींबरोबर एकदम खाली उतरते. हापूसच्या बागांना पावसाळ्याच्या तोंडावर खत घातलेले असेल, तर त्याचाही काही भाग याच प्रवाहात सामील होतो. श्रावणापर्यंत भरपूर पाण्याने प्रमाण पातळ होते. चैत्र-वैशाखात विहिरीचा तळ दिसू लागतो, तेव्हा उरलेल्या थोड्या पाण्यात क्षार पुन्हा दाट होतात. म्हणून वर्षातील एकाच तपासणीवर विसंबून राहू नये.

मुक्कामाचा काळही महत्त्वाचा. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर केप कॉड येथे वाक्वॉइट नावाचा छोटा उपसागर आहे. तेथील घरांच्या सेप्टिक टँकांतील नायट्रोजन वाळूतून संथपणे झिरपत, भूजलाच्या वाटेने वर्षानुवर्षांच्या प्रवासानंतर त्या उपसागरात पोहोचले आणि पाण्याखालची सागरी गवताची कुरणे ओसरली. तेथे आज केलेल्या सुधारणेचे फळ दिसायला बराच काळ जावा लागतो. जांभ्यातील उथळ विहिरींत पाणी लवकर बदलते. येथे दोष लवकर दिसतो, तशी सुधारणाही एक-दोन पावसाळ्यांत जाणवू शकते. खडकात खोल गेलेल्या बोअरवेलला मात्र हे लागू नाही, तिच्यातील पाणी जुने असते आणि सावकाश बदलते.

समुद्र शेजारी असेल तर

किनाऱ्यावर जमिनीखाली गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असते, कारण खारे पाणी जड असते. गोड्या पाण्याची पातळी समुद्रसपाटीहून एक फूट उंच असेल, तर त्याखाली सुमारे चाळीस फुटांपर्यंत गोडे पाणी टिकते, असा ढोबळ नियम आहे. याचा उलट अर्थ गंभीर आहे : पंपाने उपसून पातळी एक फूट खाली गेली, तर खालचे खारे पाणी कालांतराने चाळीस फूट वर सरकू शकते. मग विहीर मचूळ होते.

समुद्राच्या पाण्यात नायट्रेट फारसे नसते, त्यामुळे मचूळ विहिरीत नायट्रेट जास्तच असेल असे नाही. पण खारे पाणी शिरताना त्यातील सोडियम मातीच्या कणांना चिकटलेल्या अमोनियाची जागा घेते आणि अडकून राहिलेले ते पोषकद्रव्य पाण्यात सुटते. शिवाय मिठाचा प्रश्न ज्येष्ठांसाठी स्वतंत्रपणे महत्त्वाचा आहे. पाण्यातील क्लोराइड लिटरला ५०० मिलिग्रॅम असेल आणि ते बहुतांशी मिठातून आलेले असेल, तर दिवसाला दोन लिटर पाण्यातून दीड ग्रॅमहून अधिक मीठ पोटात जाते. दिवसभराच्या सर्व मिठाची मर्यादा जागतिक आरोग्य संघटनेने ५ ग्रॅमहून कमी सांगितली आहे. रक्तदाब, हृदयाची अशक्तता किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्या व्यक्तीने जेवणातील मीठ मोजायचे आणि पाण्यातील विसरायचे, असे होऊ नये. उन्हाळ्यात लेकीकडे किनाऱ्यावर राहायला गेलेल्या आजींचा रक्तदाब वाढला, तर डॉक्टरांना तेथील पाण्याची चवही सांगावी.

शरीरात काय घडते

पहिल्या सहा महिन्यांतील बाळाला नायट्रेटचा धोका सर्वाधिक असतो. पोटात नायट्रेटचे नायट्राइट होते आणि ते रक्तातील हिमोग्लोबिनला प्राणवायू वाहून नेण्यास असमर्थ करते. तान्ह्या बाळाच्या पोटात आम्ल कमी असते, त्याचे हिमोग्लोबिन लवकर बाधित होते आणि ते पूर्ववत करणारी यंत्रणा अजून पक्की झालेली नसते. ओठ, नखे आणि कातडी निळसर दिसू लागते. अमेरिकेतील आयोवा राज्यात शेतघरांच्या विहिरींचे पाणी घालून केलेले दूध प्यायलेल्या बाळांत हा विकार डॉ. हंटर कॉम्ली यांनी १९४५ मध्ये प्रथम नोंदवला. 

यातून निघणारा सल्ला सोपा आहे. सहा महिन्यांपर्यंत बाळाला केवळ आईचे दूध द्यावे, वरचे पाणी लागतच नाही. डॉक्टरांनी काही कारणाने पावडरीचे दूध सांगितले असेल, तर ते तपासलेल्या पाण्यातच करावे. बाळाचे ओठ निळसर दिसले, ते सुस्त झाले, तर घरगुती उपायांत वेळ न दवडता तत्काळ रुग्णालय गाठावे. या विकारावर औषध उपलब्ध आहे.

निरोगी प्रौढ माणसाचे शरीर नायट्रेट बऱ्यापैकी हाताळते. आपल्या आहारातील बहुतेक नायट्रेट पालक, बीट, मुळा यांसारख्या भाज्यांतूनच येते आणि त्या भाज्यांतील क जीवनसत्त्व अपायकारक रूपांतराला आवर घालते. म्हणून या लेखाच्या भीतीने कोणी पालेभाजी सोडू नये. ज्येष्ठांपैकी ज्यांच्या पोटात आम्ल कमी तयार होते, त्यांच्या पोटात नायट्राइट अधिक बनू शकते, हे डॉक्टरांच्या ध्यानात असते. आम्लपित्ताच्या गोळ्या दीर्घकाळ चालू असतील आणि विहिरीत नायट्रेट जास्त आढळले असेल, तर ही माहिती डॉक्टरांना द्यावी. गोळ्या आपल्या मनाने बंद करू नयेत. घरात गरोदर स्त्री असेल, तर तिच्यासाठीही सुरक्षित पाण्याची व्यवस्था आधी करावी. जास्त नायट्रेट थायरॉइड ग्रंथीकडे जाणाऱ्या आयोडीनच्या वाटेतही अडथळा आणते, तेव्हा थायरॉइडचा विकार असलेल्यांनीही पाणी तपासून घेणे हिताचे.

उकळण्याविषयी

आता एका नाजूक मुद्द्याकडे वळू. बाळासाठी पाणी उकळण्याचे काम घरात बहुधा आजीकडे असते आणि ती ते मनोभावे, निम्मे आटेपर्यंत करते. उकळण्याने जंतू मरतात आणि त्यासाठी ते आवश्यकच आहे. नायट्रेट मात्र उकळून जात नाही. पाणी वाफ होऊन उडते, नायट्रेट भांड्यातच राहते. लिटरला ४० मिलिग्रॅम नायट्रेट असलेले दोन लिटर पाणी दीड लिटर उरेपर्यंत आटवले, तर त्याचे प्रमाण ५३ मिलिग्रॅमवर जाते. मर्यादेतले पाणी मायेच्या हाताने मर्यादेबाहेर गेले. म्हणून चांगली उकळी आली की गॅस बंद करावा, पाणी आटवू नये. आणि विहिरीत नायट्रेट जास्त असल्याचे ठाऊक असेल, तर ते पाणी उकळूनही बाळाला देऊ नये.

टीसीएल पावडर, तुरटी, कँडलचा फिल्टर आणि अतिनील किरणांचे यंत्र यांपैकी काहीही नायट्रेट काढत नाही. आरओ यंत्र बरेचसे काढते, पण त्याचा पडदा जुना झाला की त्याची क्षमता उतरते. यंत्र घेतले तर त्यातून येणारे पाणीही अधूनमधून तपासून घ्यावे. दुसऱ्या सुरक्षित स्रोताचे पाणी केवळ पिण्यासाठी आणि स्वयंपाकासाठी आणणे हा अनेक घरांना परवडणारा मार्ग आहे. धुणी, भांडी आणि झाडे यांसाठी आपली विहीर निःशंकपणे वापरावी.

जाणत्या माणसांचे काम

पहिले काम तपासणीचे. जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातील पाच महिलांना पाणी तपासणीच्या संचाचे प्रशिक्षण देण्याची तरतूद आहे, त्या संचात नायट्रेटची चाचणीही असते. ग्रामपंचायतीत जलसुरक्षकाकडे चौकशी करावी. अधिक अचूक तपासणीसाठी शासकीय पाणी तपासणी प्रयोगशाळेत नमुना देता येतो. नमुना वर्षातून दोनदा द्यावा : पहिल्या पावसानंतर काही दिवसांनी आणि उन्हाळ्यात पाणी खोल गेल्यावर. अहवालात ‘नायट्रेट’ या शब्दासमोरचा आकडा पाहावा. काही अहवालांत तो ‘नायट्रोजनच्या रूपात’ दिलेला असतो, तेव्हा मर्यादा ४५ नव्हे तर सुमारे १० समजावी. गावाच्या स्रोताला मिळालेले हिरवे कार्ड आनंदाचे आहे, पण ते सार्वजनिक स्रोताच्या परिसराविषयी असते. खासगी विहिरीची चौकशी आपल्यालाच करावी लागते.

दुसरे काम आठवणीचे आहे आणि ते ज्येष्ठांवाचून कोणी करू शकणार नाही. जुना उकिरडा कुठे होता, पूर्वीचा गोठा कोठे उभा होता, बुजवलेला शौचालयाचा खड्डा कोणत्या कोपऱ्यात आहे, विहिरीचा जिवंत झरा कोणत्या अंगाने येतो, कोणत्या वर्षी पाणी मचूळ झाले होते, हे कोणत्याही सरकारी नकाशात नसते. ते आपल्या स्मरणात असते. एका दुपारी नातवंडाला सोबत घेऊन कागदावर घर, विहीर, गोठा, खड्डा आणि उताराचा बाण काढावा. पाणी कोठून कोठे जाते हे त्या कागदावर दिसू लागले की उपायही दिसू लागतात.

तिसरे काम अंतराचे. शोषखड्डा विहिरीपासून पन्नास फुटांहून जवळ नसावाच. जांभ्याच्या जमिनीत जमेल तितका लांब आणि नेहमी उताराच्या खालच्या अंगाला असावा. शेणखताच्या खड्ड्यावर पावसाळ्यात आच्छादन असावे आणि त्याचा पाझर विहिरीकडे येऊ नये. विहिरीला कठडा बांधावा, भोवती फरसबंदी आणि पाणी दूर नेणारी नाली असावी. खत एकदम न घालता हप्त्यांनी, आणि मुसळधार पावसाचा अंदाज असताना मुळीच घालू नये. किनाऱ्यावर राहणाऱ्यांनी पंप सलग न चालवता थांबून थांबून चालवावा.

हे सारे एकट्या घराने करून भागत नाही, हेही खरे. वरच्या वाडीचा शोषखड्डा खालच्या वाडीच्या विहिरीला जोडलेला असतो, मधली माणसे एकमेकांशी बोलत असोत वा नसोत. आंब्याच्या माथ्यावरून निघालेले पाणी खालच्या कोणाच्या तरी लेकीच्या घागरीत पडते. ग्रामसभेत हा विषय एखाद्या ज्येष्ठाने मांडला, तर त्याला वयाचे वजन असते आणि तो ऐकला जातो. येत्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर गावातील खासगी विहिरींच्या तपासणीचा विषय घेण्याची विनंती आपण आजच एका साध्या अर्जाने करू शकता.